नाक बांधलेलं इंजिन

मी ऑइल इंजिन बोलतोय, बरगीच्या पुंडलिकच्या गुऱ्हाळातला. मी सुरू झालो की नदीच्या घाटावरची माणसं म्हणायची, "चल पड़ा भैया, पुंडलिक का इंजन!" ते ऐकून मी फुगायचो. खोटं कशाला सांगू?

विलायतेत घडलो, आगबोटीनं मुंबईला आलो, रेल्वेनं जबलपूरला उतरलो आणि बैलगाडीतून बरगीला पोचलो. ऊस पिळायचा चरक फिरवायचं काम तोवर त्या बैलांचंच होतं. ते मला मिळालं, आणि बैलांनी माझा राग धरला नाही.

पुंडलिकचं घराणं वऱ्हाडातलं. नव्या वस्तूला दृष्ट लागू नये म्हणून त्यानं दसऱ्याला मला हळदकुंकू लावलं आणि हवा ओढायच्या माझ्या तोंडावर काळं फडकं आवळून बांधलं. माझं ओरडणं त्याला ऐकू गेलं नाही.

पुढच्या हंगामापर्यंत ते फडकं तेलानं आणि चिपाडाच्या भुशानं चिकट झालं. मी गुदमरलो. तेल अर्धवट जळायचं आणि काळाकुट्ट धूर छपराखाली कोंडायचा. पुंडलिक मात्र खूश. म्हणायचा, "जितका धूर, तितका जोर!"

चरकात ऊस घालायला त्याची बायको सत्यभामा बसे, नाकाला पदर बांधून. आधी तिला खोकला लागला, मग दम. वैद्यांनी बजावलं, "धुरातून उठा, नाहीतर छाती कायमची जाईल." पुंडलिकनं तिला अमरावतीला माहेरी धाडायचं ठरवलं. मला बंद करावं हे त्याच्या मनातही आलं नाही. मला माझीच लाज वाटली.

निघायच्या सकाळी गाडी जुंपेपर्यंत ती माझ्याजवळ आली. तिची नजर माझ्या तोंडावर गेली.

"अहो, याच्याबी नाकाला फडकं! हा श्वास कसा घेऊन राहिला असंल?"

"दृष्ट लागते ना..."

"दृष्ट राहू द्या. नाक बांधून मी दोन पायऱ्या चढू शकत नाही, हा चरक कसा ओढंल? सोडा ते!"

पुंडलिक कुरकुरला, पण त्यानं फडकं सोडलं आणि चाक फिरवलं. मी पोटभर हवा ओढली. दोन काळे ढेकर दिले, मग धूर पातळ झाला आणि चरक झपाट्यानं फिरू लागला. पुंडलिक बघतच राहिला.

"चुकलं माझं," तो हळूच म्हणाला. गाडी सुटली नाही. घमापूरचा बळीराम मिस्त्री आला. त्यानं माझ्या तोंडावर जाळी बसवली आणि धुराची नळी छपराच्या वर नेली. सत्यभामा दोन महिने गुऱ्हाळाकडे फिरकली नाही. ऊस पुंडलिकनंच घातला, खोकत खोकत.

धूर अजून आहे. वारा पडला की तो अंगणात उतरतो, मग मला बंद करतात. तुमच्याकडे माझं एखादं भावंड असेल, तर त्याच्या धुराचं कौतुक करू नका. त्याला मोकळी हवा द्या, आणि त्याच्याआधी त्याच्याशेजारी राबणाऱ्या बाईला.

आता थांबतो. वारा पडलाय आणि सत्यभामा शेतातल्या पुंडलिकला हाक मारतेय, एका दमात, पार घाटापर्यंत ऐकू जाईल अशी.