बसवून ठेवलेली आई

आईच्या रक्तातली साखर पुन्हा वाढली आणि मुलाने दवाखान्यातच तिला झापले.

"खरं सांग, चोरून काय खातेस?"

"काही नाही रे. तुम्ही देता तेवढंच खाते."

"मग साखर काय आभाळातून पडते?"

मंडळी, हा मुलगा बँकेत साहेब होता. आईने इस्त्रीच्या दुकानात उभे आयुष्य काढून त्याला शिकवले होते. साहेब होताच त्याने पहिले काम काय केले, तर दुकानाला कुलूप ठोकले! मग खिडकीशी एक मऊ खुर्ची आणली, तिच्या हाताशी एक पितळी घंटी ठेवली आणि फर्मान काढले, "आई, आता जागचं हलायचं नाही. काही लागलं तर घंटी वाजव." पाण्याचा पेला घ्यायला ती उठली तरी सून धावत यायची. शेजारीपाजारी म्हणायचे, श्रावणबाळ आहे हो!

साखर वाढायला लागली तेव्हा या श्रावणबाळाने खाऊच्या कपाटाची किल्ली खिशात ठेवली. बिस्किटे सापडतात का म्हणून आईच्या उशीखाली हात घातला. जन्मदात्या आईच्या! लाज कशी वाटली नाही?

डॉक्टरीणबाई हे सगळे ऐकून घेत होत्या. आईची दिनचर्या विचारून झाल्यावर त्यांनी पेन टेबलावर आपटले.

"साहेब, आई काही चोरत नाहीयेत. तुम्हीच त्यांचं कष्टाचं काम काढून घेतलंत."

"म्हणजे? मी तिला आराम दिला!"

"ऐका. जेवणातली साखर रक्तात येते. त्यातली सगळ्यात जास्त कोण उचलतं? आपले स्नायू. दंड, मांड्या, पाठ. पण ती आपोआप आत जात नाही. इन्सुलिन स्नायूच्या पेशीला निरोप देतं. तो पोचला की साखर आत घेणारे वाहक पेशीच्या पोटातून वर, तिच्या कडेला येतात. आईंच्या स्नायूंना तो निरोप नीट ऐकू येत नाही. म्हणून साखर रक्तातच तुंबते."

"मग इन्सुलिनचं इंजेक्शन द्या!"

"लागलं तर देईन, त्यात कमीपणा नाही. पण शरीरात आणखी एक वाट आहे. स्नायू राबू लागला की ते वाहक इन्सुलिनची वाट न बघता वर येतात. आणि राबून झाल्यावरही बराच वेळ स्नायूला इन्सुलिनचा निरोप जास्त चांगला ऐकू येतो. यांना खुर्चीत डांबून ती वाट तुम्ही बुजवलीत!"

"पण लोक काय म्हणतील? साहेबाची आई परक्यांचे कपडे..."

तेव्हा मात्र आईचा बांध फुटला.

"लोक! बघा, आलं ना पोटातलं ओठावर! अरे, त्याच इस्त्रीच्या जिवावर तुझी मान ताठ झाली आणि आता तिचीच लाज वाटते? घंटी गुरांच्या गळ्यात बांधतात रे! मला काय हवं ते एकदा तरी विचारलंस? वर मलाच चोर ठरवलंस!"

उशीखालचा तो स्वतःचाच हात साहेबाला आठवला. त्याने खिशातून कपाटाची किल्ली काढली आणि आईच्या ओंजळीत ठेवली.

"चुकलो, आई."

"ही नको. दुकानाची दे," आई म्हणाली. तिचा राग अजून गेला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी बजावले, गोळ्या चालूच राहतील, सुरुवातीला थोडाच वेळ काम करायचे, पाय जपायचे, चक्कर वाटली तर लगेच थांबायचे.

सुट्टीच्या दिवशी साहेबाने स्वतः दुकानाची जळमटे काढली. आईने इस्त्री तापवली आणि त्याचाच सदरा पुढ्यात टाकला. "कॉलर तू कर. तुझंही पोट सुटलंय!" तो घाम पुसत राबला. पुढच्या तपासणीत आईची साखर उतरली होती. जादू नव्हती ती. गोळ्यांना आता स्नायूंची साथ मिळत होती.

मंडळी, म्हाताऱ्यांच्या हातचे काम हिसकावून आपण त्याला सेवा म्हणतो आणि चारचौघांत मिरवतो! त्यांना आराम जरूर द्या, पण आधी विचारा. चालते हातपाय बांधून ठेवायचा हक्क मुलांनाही नाही.

ती पितळी घंटी आता दुकानाच्या फळीवर असते. गिऱ्हाईक ती वाजवते आणि आई उठून पुढे येते.