ओळीच्या टोकाला अडलेला शब्द

छापखान्यात मामाला सगळे ‘तोडकर’ म्हणायचे. आडनाव नव्हे हो, उद्योग! ओळीत न मावणारा इंग्रजी शब्द कुठं तोडायचा, ते मामानंच सांगावं. तळहात हनुवटीखाली धरून तो शब्द मोठ्यानं म्हणायचा. हनुवटी जितक्यांदा हातावर टेकेल तितके तुकडे. मजकूर वाचून दाखवताना तुटलेला शब्द आला, की तळहात आडवा धरायचा. म्हणजे थांबा, शब्द अजून संपलेला नाही. हे काम आता कॉम्प्युटर करतो असं कुणी म्हटलं की फणकारायचा, "करतो ना! एकटं अक्षर टोकाला लोंबकळत ठेवतो. असं सोडून देतात का कुणाला?"

अशा माणसाची भाची नेमकी बोलताना अडखळायची. पहिलंच अक्षर तोंडात अडकून बसायचं आणि जो तो तिचा शब्द पुरा करून मोकळा व्हायचा. त्यात मामा सगळ्यांत पुढे. तिनं "प... प..." म्हणायचा अवकाश, हा "पाणी? पेन? पंखा?" म्हणून दुकान मांडायचा. चाळीस वर्षं लोकांचे शब्द दुरुस्त केलेले. जित्याची खोड ती!

आणि या पोरीला नोकरी कसली हवी, तर विज्ञान संग्रहालयात इंग्रजीतून माहिती सांगायची! आई म्हणाली, "हसं करून घेशील." मामाला रागच आला. त्यानं तिचं भाषण मागून घेतलं, लाल पेन्सिलीनं शब्दन् शब्द तोडला, आणि आठवडाभर मामा-भाची हनुवटीखाली हात धरून समोरासमोर बसले. इ-व्हॅप-ओ-रे-शन. शेजारीण डोकावली आणि दोघांचीही दाढ दुखतेय का म्हणून विचारून गेली.

निवडीच्या दिवशी वाफेच्या इंजिनापुढे वीसेक प्रेक्षक आणि वह्या घेतलेले दोन परीक्षक उभे होते. मामा मागे, खांबाला टेकून. पोरगी झकास बोलत होती. मग तो शब्द आला.

"इ... इ..."

एका परीक्षकानं घड्याळ पाहिलं. कुणीतरी खाकरलं. अक्षर एकटं लोंबकळत राहिलं. शेवटी मामाला राहवेना, त्यानं तोंड उघडलं.

भाचीनं थेट त्याच्याकडे पाहिलं आणि तळहात आडवा धरला.

मामानं उघडलेलं तोंड तसंच मिटलं. आजवर आपण हिचे किती शब्द पळवले, या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परीक्षकही वही मिटून थांबले.

"...व्हॅप-ओ-रे-शन," भाची म्हणाली आणि पुढे निघाली.

आठ दिवसांनी पत्र आलं. मामानंच ते दारात घेतलं, फोडलं, वाचलंसुद्धा. मग गुपचूप तिच्या हातात दिलं. तिनं ते दोनदा वाचलं. आई पदराला हात पुसत बाहेर आली.

"काय गं, काय लिहिलंय?"

"मि... मि..."

आईनं मामाकडे पाहिलं. शब्द मामाच्या अगदी जिभेवर होता. त्यानं हनुवटीखाली हात घातला आणि तोंड घट्ट दाबून धरलं. डोळ्यांत पाणी आलं, तरी सोडलं नाही.

"मिळाली," भाची म्हणाली.