सगुणामावशींच्या छातीतला स्टेंट

मित्रांनो, मी एक जुना स्टेंट आहे. जुना म्हणजे अवघा दोन वर्षांचा, पण माझ्या जातीत हे म्हातारपणच की हो. मी मक्यापासून केलेल्या प्लास्टिकची बारीक जाळीदार नळी आहे, अंगावर औषधाचा लेप दिलेली. हृदयाची अरुंद झालेली रक्तवाहिनी उघडी धरायची, हळूहळू औषध सोडायचं आणि ती बरी झाली की विरघळून जायचं, हे माझं काम.

अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत अनुपमाताईंनी मला घडवलं. सात वर्षं त्या आमच्यामागे होत्या. माझे कितीतरी भाऊ खाऱ्या पाण्यात तुटले, काही वेळेआधीच विरघळले. मला भिंगाखाली पाहून त्या म्हणाल्या, "हा झकास झालाय." माझं कौतुक तेवढंच.

आमची चाचणी शंभर माणसांवर होती. त्यातल्या एक सगुणामावशी, मनोरीच्या, बोरिवलीच्या बाजारात मासळी विकणाऱ्या. त्यांच्या मनगटातून शिरून मी छातीत पोचलो. इथे रक्त दिवसरात्र अंगावरून धावतं, पण थांबून कुणी दोन शब्द बोलेल तर शपथ. फार एकटं वाटतं.

रक्त पातळ ठेवणारी गोळी वर्षभर चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पाचव्या महिन्यात कोयत्याने मावशींचं बोट कापलं आणि गोळीमुळे रक्त थांबेना. पापलेटावर रक्त पाहून गिऱ्हाईक निघून गेलं. दोन-तीनदा असं झाल्यावर मावशींनी गुपचूप गोळीच बंद केली. चाचणीच्या चौकशीसाठी अनुपमाताईंचा फोन आला की मात्र म्हणायच्या, "घेते गो बाय, रोज घेते."

इकडे माझी वाट लागली. रक्तातले कण माझ्या जाळीला चिकटू लागले. गुठळी झाली असती तर मावशींचा जीव गेला असता, तोही माझ्यापायी. सांगणार कुणाला? मला ना हात, ना आवाज.

एका रविवारी ताई बाजारात आल्या. सुरमई कापताना मावशींचं बोट पुन्हा कापलं. त्यांनी ते पाण्यात बुडवलं आणि रक्त लगेच थांबलं. ताई बघतच राहिल्या.

"मावशी, गोळी बंद केलीत ना?"

मावशींनी बोटाला फडकं गुंडाळलं. "काय करू गो? रक्त थांबत नाय. धंदा कसा करू?"

"चुकलं माझं. एवढे फॉर्म भरून घेतले, पण तुम्ही हातांनी काय काम करता ते विचारलंच नाही."

शेजारी बसलेल्या सुनेने, ऋतिकाने, कोयता आपल्याकडे ओढला. "आई, भाव तुम्ही करा. कापायचं मी बघते."

ताईंनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि त्याच दुपारी गोळी पुन्हा सुरू झाली.

आता मी बराचसा विरघळलोय. मित्रांनो, औषधाचा त्रास झाला तर लपवू नका, सांगा. आणि विचारणाऱ्यांनो, नीट विचारा. पुढच्या तपासणीत डॉक्टर पडद्याकडे पाहून म्हणतील, "इथे आता काहीच उरलं नाही." ते ऐकायला मी नसेन. मावशी असतील.