सरूबाई पास झाली

गिरणी बंद पडल्यावर लवू परब साकीनाक्याच्या एका वर्कशॉपात स्टोअर सांभाळायला लागला. १९८६ साली दाढेत पू झाला म्हणून त्याने भारी गोळ्या घेतल्या. दाढ बरी झाली, पण जुलाब लागले ते थांबेनात. औषध चालू असेपर्यंत बरं, बंद केलं की आठवड्यात पुन्हा तेच. सात महिन्यांत त्याच्या पँटी गळायला लागल्या.

मुलुंडच्या डॉक्टर जयंती सबनीस यांनी त्याला आणि त्याच्या बायकोला, सुगंधाला, समोर बसवलं. "गोळ्यांनी पोटातले चांगले जंतू मेले, वाईट तेवढे उरले. आता निरोगी माणसाचा मळ सलाईनमध्ये कालवून, गाळून, एनिमासारखा आत सोडायचा. परदेशात करतात."

लवूने एकच विचारलं, "तोंडाने नाही ना?"

"नाही."

"मग चालेल."

पण मळ कोणाचा? सुगंधाच्या तपासणीत अमिबा निघाला. तिचा भाऊ बाळा म्हणाला, "माका दगड खाऊक घाल, पचतलो." त्याला जंत निघाले. पंधरा दिवस तो बहिणीशी बोलला नाही. चाळीतल्या नऊ जणांनी डब्या दिल्या, नऊही नापास. शेवटी दारावर मासे विकायला येणारी सरूबाई कोळीण तेवढी पास झाली.

ठरल्या दिवशी तिने डबी पाटीत, बर्फात घालून आणली. वाटेत तिने मासेही विकले होते. पहाटे पाचचा माल साडेअकराला दवाखान्यात पोचला. "एकदम ताजा हाय," ती म्हणाली.

तोच आत सोडला. दहा दिवसांनी लवूला पुन्हा जुलाब.

डॉक्टरीणबाईंनी चौकशी करून पद्धत बदलली. आता सरूबाईने दवाखान्यातच यायचं, ताजा माल अर्ध्या तासात आत सोडायचा, आणि तेही तीन दिवस लागोपाठ.

सकाळी सातला लवू डाव्या कुशीवर पडून राहिला. नर्स वनमाला नवा मिक्सर आणि मलमलचं फडकं घेऊन उभी. सरूबाई संडासात गेली आणि तशीच परत आली. तिला चहा दिला. मग गरम पाणी, मग केळी.

"घाई नाही, मावशी," खाटेवरून लवू म्हणाला.

"तुम्ही सगली दारात उभी, मंग कसा व्हायचा?"

सगळे जिन्यात जाऊन बसले. साडेनऊला कडी वाजली, तशा डॉक्टरीणबाई हातमोजे चढवत उठल्या. हसलं कोणीच नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी सरूबाईने कोणाला ताटकळत ठेवलं नाही.

पाचव्या सकाळी लवूने सुगंधाला चाळीच्या संडासापाशी हाक मारली. ती आत डोकावून आली. "घट्ट आहे," एवढंच म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

दीड महिन्याने तो कामावर गेला, तेव्हा सगळ्यांनी औषधाचं नाव विचारलं. लवूने खरं तेच सांगितलं. कोणाचाही विश्वास बसला नाही. तरी त्या दुपारी दोघंजण त्याच्याशेजारून डबा उचलून लांब जाऊन बसले.