फरक पडलो काय गो?

मित्रांनो, जरा कल्पना करा. तुमच्या हातात लोखंडाची एक कडी आहे आणि सगळा वर्ग तुमच्याकडे बघतो आहे. तुम्ही दात आवळून ती कडी दाबता. तबकडीवरचा काटा थरथरत वर चढतो आणि एका आकड्यावर थांबतो. ती कडी, ती तबकडी आणि तो काटा मिळून जो होतो, तो मी. मी एक जुना पकडमापक आहे. माणसाच्या हाताची पकड किती किलोंची आहे, ते मी सांगतो.

मला घडवणाऱ्या कारागिराने माझ्यावर वजन टांगून पाहिलं आणि काटा बरोबर आकड्यावर आला, तेव्हाच मला पेटीत घातलं. पहिली काही वर्षं मी एका व्यायाम महाविद्यालयात होतो. तिथे पैलवानही माझ्यापुढे रांग लावत. पुढे आकडे उजळणारी नवी यंत्रं आली आणि मला आचऱ्याच्या एका शाळेत पाठवलं गेलं. मुलं मला ‘मुठीचो काटो’ म्हणू लागली. मग तेही कौतुक ओसरलं. हवा गेलेल्या व्हॉलीबॉलमागे, कपाटाच्या तळाशी मी गंजत पडलो.

एकाच हाताने मला तीनदा दाबलं, तर मी तीन वेगळे आकडे दाखवतो. यात खोटेपणा नाही. हात दमतो, तळवा घामाने निसटतो, माझी स्प्रिंगही खाऱ्या हवेने थोडी सैलावली आहे. मोजणं म्हटलं की थोडी चूक सोबत येतेच.

मला कपाटातून बाहेर काढलं ते आठवीतल्या रिशेलने. तिच्या आजोबांचं, पेद्रूंचं, होडीतून उतरताना मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं, पण बोटं मिटेनात. डॉक्टरांनी त्यांना हाताच्या व्यायामासाठी मालवणच्या इस्पितळात नेमाने यायला सांगितलं होतं. रिशेलने त्यांच्यासाठी काथ्याचा घट्ट गोळा वळला आणि रोज संध्याकाळी दाबायला दिला. तो बघून तिच्या मनात प्रश्न आला, की असा गोळा दाबून पकड खरंच वाढते का? तिने वर्गातल्या तीस मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या उचलून दोन गट केले. एका गटाने गोळा दाबायचा, दुसऱ्याने नाही. सुरुवातीला आणि दीड महिन्याने सगळ्यांची पकड मी मोजली.

इकडे पेद्रूंनी इस्पितळात जाणं सोडलं. “नातीचो गोळो आसा मां!” ते शेजाऱ्यांना सांगत. “मगे एस्टीत हाडां मोडून घेवन मालवणाक जावचा कित्याक?” संध्याकाळी रिशेल घरी आली, की त्यांचा पहिला प्रश्न, “काय गो, फरक पडलो?” आणि ती म्हणे, “थांब, शापाय. मोजणी पुरी होवंदे.” आजोबांना ती शापाय म्हणायची.

मोजणी पुरी झाली. गोळा दाबणाऱ्यांची पकड सरासरी दोन किलोंनी वाढली होती. न दाबणाऱ्यांचीही एका किलोने वाढली होती, कारण वाढत्या वयाची मुलं ती! दोन गटांत फरक उरला एका किलोचा.

खेळाच्या सत्यवान सरांनी मला टेबलावर आपटून विजय जाहीर केला. “एक किलो म्हणजे एक किलो! लिही, व्यायामाने पकड वाढते, सिद्ध झालं. जिल्ह्याच्या प्रदर्शनात जाऊ आपण.”

गणिताच्या सारिका बाई तिथेच वह्या तपासत होत्या. त्यांनी विचारलं, “गोळ्याने काहीच झालं नसतं, तरी नुसत्या योगायोगाने एवढा फरक दिसला असता का?”

“ता कसा कळतला, बाई?” रिशेलने विचारलं.

बाईंनी तीस चिठ्ठ्या करायला लावल्या. प्रत्येक चिठ्ठीवर एकेकाची वाढ लिहिली. मग त्या पातेल्यात घालून ढवळल्या, न बघता पंधरा-पंधराचे दोन ढीग केले आणि दोन्ही ढिगांच्या सरासरीतला फरक काढला. पुन्हा ढवळल्या, पुन्हा काढला. सगळा वर्ग कामाला लागला.

“बाई, ह्या पातेल्याक गोळो कोणी दिल्यान नाय, तरी त्याची पकड वाढता हा!” रिशेलच्या वर्गातला डेन्झिल ओरडला, आणि सगळे हसले.

पण त्याने नेमकं तेच पाहिलं होतं. शंभर वेळा ढवळून झालं, तेव्हा सत्तावीस वेळा नुसत्या योगायोगाने किलोभर किंवा त्याहून मोठा फरक आला होता. असा फरक शंभरात पाचाहून कमी वेळा आला असता, तर संशोधक त्याला लक्षणीय म्हणतात.

“म्हणजे गोळो फुकट?” रिशेलचा चेहरा उतरला.

“तसंही नाही,” बाई म्हणाल्या. “किनाऱ्यावर टेहळणीला उभा असलेला माणूस दोन चुका करू शकतो. मासे नसताना ‘इले रे!’ म्हणून ओरडला, तर सगळे उगाच जाळं ओढतात. मासे असताना गप्प बसला, तर मासे निघून जातात. तुझा गट लहान आहे. ‘फरक पडला’ म्हटलंस तर पहिली चूक होऊ शकते, ‘पडला नाही’ म्हटलंस तर दुसरी.”

“मगे सांगूचा काय?” रिशेलने विचारलं.

“घरी पाहुणे किती येणार म्हणून विचारलं, तर आई काय सांगते?”

“दहा-बारा.”

“तसंच सांगायचं. एक आकडा नाही, दोन टोकं.” बाईंनी फळ्यावर हिशेब मांडला. खरा फरक एक किलो तोट्यापासून तीन किलो फायद्यापर्यंत कुठेही असू शकत होता. “याला विश्वास-अंतराल म्हणतात. असा प्रयोग शंभरदा करून दर वेळी अशी टोकं काढली, तर पंच्याण्णवच्या आसपास वेळा खरा फरक त्यांच्यामध्ये सापडेल. तुझ्या दोन टोकांमध्ये शून्यही आहे, बघ.”

“मग प्रदर्शनात काय ‘माहीत नाही’ घेऊन जायचं?” सत्यवान सर चिडले.

“हो. किती माहीत नाही, ते नीट मोजून न्यायचं.”

मित्रांनो, आम्हा यंत्रांची काळजी घ्या. आम्हाला पुसून ठेवा, अधूनमधून ओळखीच्या वजनावर तपासून घ्या. आणि आम्ही दाखवलेला आकडा उचलून धावत सुटू नका. आम्ही फक्त आकडा दाखवतो. त्यावर किती भरवसा ठेवायचा, ते तुम्हालाच ठरवावं लागतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर रिशेल मला दप्तरात घालून घरी आली. पेद्रू पायरीवर बसून गोळा दाबत होते.

“काय गो, फरक पडलो?”

रिशेलने हो म्हटलं असतं, तर त्यांनी मालवणचं नाव पुन्हा काढलं नसतं. दप्तराच्या पट्ट्यावरची तिची मूठ घट्ट झाली.

“माका म्हायत नाय, शापाय. मोजलंय, पण अजून ठाम सांगूक येणा नाय.”

“मगे माका इतके दीस कित्याक दाबूक लावलंस?”

“दाब तू. पण इस्पितळातय जावक व्हया. थयसर कितीतरी हात बघून व्यायाम ठरयल्यानी हत. माझे तीसच. तेय धडधाकट पोरांचे.”

पेद्रूंनी गोळा पायरीवर ठेवला आणि मूठ मिटून पाहिली. बोटं अर्धीच मिटत होती.

“दुपारची एस्टी अजून गावतली काय?” त्यांनी पुटपुटत विचारलं.

रिशेलने दप्तर खाली ठेवलं, आत जाऊन त्यांची इस्पितळाची पिशवी आणली आणि चपला सरळ करून त्यांच्या पायांपुढे मांडल्या.