राजा पाहुणा गेला

माझं तोंड वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. सासर-माहेर दोन्हीकडे माहीत आहे. त्या साली, म्हणजे एकोणीसशे शहाऐंशीत, याच तोंडानं मी एका म्हातारीला असं काही बोलले की अजून आठवलं तरी मान खाली जाते.

सत्यशीला माझी धाकटी जाऊ. माझा दीर हरिदास गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात होता, आणि ही इकडे आमच्याजवळ, सावली या बाजारगावापासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात. तिला नर्सबाई व्हायचं होतं. ट्रेनिंगला दहावी पास लागायची. मार्चमध्ये तिचे सगळे विषय निघाले, फक्त इतिहासात आपटली. ऑक्टोबरची परीक्षा उरली होती. हरिदासनं चिठ्ठीत लिहिलं, या खेपेला नाही निघाली तर पुस्तकं बांध आणि इकडे घर मांडायला ये.

तिला नर्सबाई झालेलं बघायची मला तिच्यापेक्षा जास्त घाई होती. माझी पहिली पोरगी पुराच्या दिवसांत झाली. दवाखाना लांब, रस्ता पाण्याखाली. गावची सुईण गुणाबाई तीन दिवस माझ्या उशाशी बसून होती, पण पोरगी राहिली नाही.

तर इतिहास. आषाढ-श्रावणात धान रोवण्याचे दिवस. सकाळी चिखलात उतरायचं ते दिवे लागायच्या वेळी बाहेर. सत्यशीला घरी येऊन गाईड उघडायची आणि पहिल्या पानावरच तिचं डोकं गाईडवर पडायचं. मी दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी डोकं भडकलं.

"पुस्तक शेतात आण," मी म्हटलं. "आमी दिवसभर गाणे म्हणतोच ना? तेच म्हणू."

आमची टोळी बारा बायांची. रोवताना एकीनं ओळ घालायची, बाकीच्यांनी उचलायची, आणि परे, म्हणजे धानाची रोपं, लावत मागं मागं सरकायचं. ओळ घालायचा मान गुणाबाईचा. सत्तरीची होती, पण आवाज तीन बांध्या, म्हणजे धानाची तीन वावरं, पलीकडे जायचा. गाईड प्लास्टिकच्या पिशवीत घालून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, ठेवलं. सत्यशीला प्रश्न सांगायची, गुणाबाई त्याला चाल लावायची.

"कोन्या सालात बाई, कोन्या सालात?"

"सतराशे एकोननव्वद सालात!"

चार दिवसांत फ्रान्सची क्रांती अर्धी रोवून झाली.

पण बाया मुकाट्यानं गाणाऱ्या नव्हत्या. गाईडमध्ये नाहीत ते प्रश्न त्यांना पडायचे. रंभा म्हणाली, "पयल्या महायुद्धाले पयलं काऊन म्हनते? दुसरं होनार हाये हे तवाच मालूम होतं का?"

सत्यशीला परे हातात धरून थांबली. "नाई वो. तवा त्याले नुसतं मोठं युद्ध म्हनत. दुसरं झालं तवा हे पयलं झालं."

"म्हंजे सवत आली तवा मी पयली झाली, तसंच," रंभा म्हणाली, आणि सगळ्या बांधीत हसू पसरलं.

चंदाला कोलंबस फार आवडला. "हिंदुस्थानाले निंगाला, भलतीकडंच पोचला, अन् हाच हिंदुस्थान म्हनून बसला? मंग त माहा नवराच हाये तो."

अशा प्रश्नांना गाईडमधलं उत्तर चालायचं नाही. घोकलेलं सांगितलं की बाया म्हणायच्या, "आमाले समजंल असं सांग." मग सत्यशीला डोकं खाजवून आपल्या शब्दांत सांगायची. मला राग यायचा. वेळ जाते म्हणून मी ओरडायची. पण त्याच वेळी तिचा इतिहास पक्का होत होता, हे मला कळायला उशीर लागला.

गाईडमध्ये एक ओळ होती. पॅरिसच्या बाया भाकरीसाठी राजाच्या महालावर चालून गेल्या. ती ऐकून गुणाबाई कंबर सरळ करून उभी राहिली.

"पायी?"

"पायी. पाच-सहा कोस."

"मंग? भेटली का भाकर?"

सत्यशीलानं पान उलटून पाहिलं. पुढची ओळ सैन्याची होती. "लिवलं नाई वो बाई."

"असं कसं? बाया गेल्या एवढं लिवलं, भाकर भेटली का ते नाई लिवलं? इचारून सांगजो मले."

भानगड झाली ती राजावरून. क्रांतिकारकांनी राजाचं मुंडकं उडवलं, हे गुणाबाई म्हणायलाच तयार नव्हती. "हातात परा असताना मेल्याचं नाव नाई घ्याचं. लेकरू हाये ते. ऐकते." जन्मभर सुईणपण केलेली बाई. बाळंतिणीच्या खोलीतला नियम तिनं शेतातही आणला होता. मग काय म्हणायचं? तिनंच काढलं, "राजा पाहुना गेला म्हना."

झालं! राजा पाहुणा गेला, राणी पाहुणी गेली, सिकंदर बाबिलोनला पाहुणा गेला. जगाच्या इतिहासात कोणी मेलं म्हणून नाही. आम्ही खो खो हसायचो. मीही हसत होते, हे कबूल करायला हवं.

परीक्षेचं केंद्र मूल गावी होतं. मी तिच्यासोबत एस्टीनं गेले आणि शाळेच्या फाटकाबाहेर तीन तास उभी राहिले. ती बाहेर आली ती पांढरीफटक.

"बाई, मी लिवलं राजा पाहुना गेला."

"का?"

"पेनीतून तसंच निंगालं. गानं मनात चालू होतं. पेपर देल्यावर याद आलं. अन् एक सवाल त लिवाचा राहूनच गेला."

घरी येईपर्यंत मी सगळा राग दाबून धरला. साठवून ठेवलं, आणि सगळं गुणाबाईच्या अंगणात ओतलं. "तुह्या भेवापायी पोरीचं वर्ष गेलं! माही लेक तुह्या हातात गेली, आता हिचंबी तूच केलं!"

म्हातारी सूप हातात घेऊन तशीच बसली.  उलट शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानंतर ती आमच्या आळीत आली नाही. कापणीला आली, पण गायली नाही. गुणाबाईशिवाय कापणी मुकी झाली, आणि सगळ्या माझ्याकडे बघायच्या. मला माझीच लाज वाटत होती, पण माफी मागायला हे तोंड उघडत नव्हतं.

डिसेंबरात निकाल लागला. सत्यशीला सकाळच्या एस्टीनं एकटीच मूलला गेली. आम्ही शेवटच्या बांधीत पेंड्या बांधत होतो. दुपारी ती धुऱ्यावरून पळत येताना दिसली, चपला हातात. 

"अडतीस!" ती लांबूनच ओरडली. "पस्तीस लागते, अडतीस आले!"

बाया पेंड्या टाकून धावल्या. ती धापा टाकत सांगत होती, "घोकलेलं अर्धं इसरली होती मी. पन कोलंबस चंदाले सांगला तसाच लिवला. महायुद्ध रंभाले सांगलं तसंच. तेच कामी आलं."

गुणाबाई मात्र दूर, एकटीच पेंडी बांधत होती. मी तिच्यापर्यंत गेले. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, जवळ गेल्यावर सगळं विसरले.

"गुणाबाई, मी चुकली वो," एवढंच म्हणता आलं. "माही लेक तुह्यापायी नाई गेली. मले मालूम हाये. तवाबी मालूम होतं."

तिनं पदरानं आधी माझे डोळे पुसले, मग स्वतःचे. मग रिकाम्या बांधीकडे नजर फिरवली. धान कापून झालं होतं, ऐकायला कोणी उरलं नव्हतं. छातीत दम भरून, तीन बांध्या पलीकडे जाईल अशा आवाजात ती ओरडली,

"राजा मेला वोऽऽ!"

"मेला वोऽऽ!" आम्ही बाकी अकराही जणींनी उचललं. चार महिने अडकलेला राजा एकदाचा सुटला.

हसू ओसरल्यावर तिनं सत्यशीलाला जवळ बसवलं. "आता माहं सांग. त्या बायायले भाकर भेटली का?"

"मूलच्या हेडमास्तरायले इचारलं मी आज," सत्यशीला म्हणाली. "पान्यापावसात गेल्या, अन् राजाले, रानीले, त्यायच्या लेकरायले संगच घेऊन आल्या. मांगं पिठाच्या गाड्या."

गुणाबाई धुऱ्याकडे बघत राहिली. पिठाच्या गाड्या तिला दिसत असाव्यात.

"तू नर्सबाई होऊन ये," ती शेवटी म्हणाली. "तवरोक मी मरत नाई. मंग बाळंतपनाले तू म्होरं चालजो, मी मांगून तुही पिशवी धरीन."