वरिष्ठांचा मासा

“कॅप्टनसाहेब, विमान चालवताना कंटाळा आला तर काय करता?”

विचारलं बाई एकदाचं! बोरामच्या मागे तिन्ही मैत्रिणी एकमेकींना चिमटे काढत होत्या. पैज त्यांनीच लावली होती. गिम्पो विमानतळाच्या प्रशिक्षण केंद्रातल्या त्या नकली विमानात शाळेतल्या मुलींना चौघी-चौघी करून सोडत होते, आणि उजव्या, म्हणजे सहवैमानिकाच्या खुर्चीत चक्क बोरामचे बाबा बसले होते. आज त्यांची परीक्षा होती. पास झाले की डावी खुर्ची, म्हणजे कॅप्टनपद. परीक्षा आणि शाळेची सहल एकाच दिवशी उरकून कंपनीने वीज वाचवली होती. परीक्षक सोंग मॅडम वही उघडून मागे बसल्या होत्या.

डाव्या खुर्चीतले ग्वाकसाहेब खुलले. “कंटाळा? अगं, परवा जेजू बेटावर असा मासा पकडला…” त्यांनी दोन्ही हात पसरले.

विमान उतरत होतं. दहा हजार फुटांखाली कामाशिवाय अवाक्षर काढायचं नाही, हा नियम त्यांच्या नाकासमोरच चिकटवलेला होता. तीन हजार फुटांवर उतरणं थांबवायचं होतं. आकड्यांवर नजर ठेवणं बाबांचं काम, आणि त्यांनी ठेवलीही. दोन हजार आठशे. दोन हजार चारशे. पण ग्वाकसाहेब हवाईदलापासून त्यांना चार वर्षं वरिष्ठ! वरिष्ठांचा मासा अर्ध्यात कसा तोडायचा?

“वा साहेब! गळाला काय लावलं होतंत?” बाबा मान डोलवत म्हणाले.

“बाबा, डोंगर!” बोराम किंचाळली. यंत्रही बोंबलायला लागलं. काच लाल झाली आणि सगळं थांबलं.

“ग्वाकसाहेब, तुमच्याशी नंतर बोलते,” सोंग मॅडम म्हणाल्या आणि बाबांकडे वळल्या. “ह्वांगसाहेब, तुम्ही आकडे पाहिले नाहीत?”

“पाहिले, मॅडम.”

“मग बोलला का नाहीत?”

“साहेबांचं बोलणं संपायचं होतं.”

“डोंगराला तेवढे शिष्टाचार शिकवले नाहीत हो कुणी!”

नापास. फेरपरीक्षा तीन आठवड्यांनी.

संध्याकाळी जेवताना बाबांनी सगळं सांगितलं. आईने वाटीत सूप वाढलं. “कमाल आहे. माझं वाक्य मात्र…”

“तसं नाही गं,” बाबा म्हणाले.

“बघ! तोडलं!”

आपल्याच प्रश्नाने घात केला म्हणून दुपारपासून चुटपुटत असलेली बोराम ताडकन उभी राहिली.

“आई, बाबा, ठरलं! तीन आठवडे या घरात कॅप्टन मी. मी मुद्दाम चुकीचं बोलणार, आणि बाबा, तुम्ही मला मध्येच अडवायचं. मान डोलावलीत, की त्या दिवशीची भांडी तुमच्याकडे!”